नांगर न लागलेली घोळ

बाई माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. त्या जमिनीकडे बघत चालायच्या, आणि मध्येच कुणाचे पाय आले तर नाइलाजाने त्यांची दखल घ्यायच्या. सगळं गाव त्यांनी पायांवरून ओळखायला शिकून घेतलं होतं. मी बीडला शिकायला गेले आणि पहिल्या सुट्टीत बूट घालून गावी आले, तेव्हा पारापाशी बाई माझ्या अगदी समोरून निघून गेल्या. मी मागून हाक मारली. त्या वळल्या, बुटांकडे बघत म्हणाल्या, "कोन? पाय झाकून आल्यावर कसं वळखावं मानसानं?" मी तिथेच रस्त्यात एक बूट काढला. त्यांनी वाकून पाय बघितला आणि त्यांचं समाधान झालं.

"तूच हायेस. नखं वाढलीत."

त्या जमिनीत काय शोधत असतात, हे गावात लहान लेकरालाही माहीत होतं. घोळ. पावसाळ्यात भुईला चिकटून पसरणारी रानातली पालेभाजी. लालसर देठ, बारीक पण जाडसर गुळगुळीत पान, चावलं तर आंबूस. तिला कुणी पेरत नाही, कुणी पाणी देत नाही. खुरपणीत लोक तिला उपटतात आणि बांधावर फेकतात; ती बांधावर पडल्या पडल्या कित्येक दिवस हिरवी राहते आणि ओल मिळाली की तिथेच पुन्हा मूळ धरते. मी एका पत्रकात लिहिलं होतं की घोळ म्हणजे या देशातली कष्टकरी जनता. बाईंनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "भाजीला भाजी ऱ्हाऊ दे गं पोरी. जनतेला कुनी शिजवून खातंय का?"

मी म्हणाले, "खातात बाई. तेच तर माझं म्हणणं आहे."

 त्यांनी एक जुडी माझ्या मांडीवर टाकली आणि निवडायला सांगितली.

आमचं गाव युसूफ वडगावच्या पलीकडे, फाट्यावरून आत. बाई आमच्या शाळेत शिक्षिका होत्या. वर्गात त्या पुस्तकातल्यासारखं बोलायच्या आणि शाळेच्या फाटकाबाहेर पाय टाकला की गावातल्यासारखं. त्यांची शिक्षा ठरलेली होती. छडी नाही, अंगठे धरणं नाही. चुकलेल्याने मधल्या सुट्टीत गायरानात जायचं आणि मूठभर घोळ खुडून आणायची. खुडायची, उपटायची नाही. शेंडा नखाने तोडायचा, मूळ भुईतच राहू द्यायचं. मूळ दिसलं की शिक्षा डबल. वर्गात मी सगळ्यात जास्त बोलायचे, त्यामुळे गायरान मला घरच्या अंगणासारखं पाठ झालं.

घोळीसारखंच दिसणारं एक दुसरं रोप असतं, तेही भुईला चिकटून वाढतं. त्याचा देठ मोडला की पांढरं दूध येतं. ते खायचं नसतं. घोळ मोडली तर नुसतं पाणी निघतं. बाई प्रत्येक संशयास्पद रोपाचा देठ मोडून बघायला लावायच्या, आणि ही सवय पुढे त्यांनी माणसांनाही लावली. गावात नवा ग्रामसेवक आला, नवा जावई आला, निवडणुकीला नवा उमेदवार उभा राहिला की बाई एवढंच विचारायच्या, "मोडून बघितला का? आत काय हाय, दूध का पानी?" मला त्यांचं हे राजकीय विश्लेषण तेव्हा फार ढोबळ वाटायचं. बीडच्या कोर्टात आणि कचेऱ्यांमध्ये थोडा वावर झाल्यावर तसं वाटेनासं झालं.

एकदा तपासणीला एक साहेब आले होते. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समोर घोळीचं ताट ठेवलं. साहेब प्रश्न विचारत होते, आम्ही उत्तरं देत होतो. थोड्या वेळाने बघतो तर साहेब चिखल झटकून पानं वेगळी करत होते. जाताना त्यांनी शेरा काय लिहिला ते आठवत नाही, पण जीपमध्ये बसताना त्यांच्या हातात एक पुडी होती आणि बाई फाटकातून सांगत होत्या, "चार पान्यानं धुवा साहेब, लई माती असती तिच्यात."

ती भाजी बाई करायच्या कशी, तेही सांगते, कारण अजून माझ्या जिभेवर आहे. तूरडाळ अर्धवट शिजली की वर चिरलेली घोळ. मीठ शेवटी, कारण घोळ स्वतःच थोडी खारट. मग लसूण, हिरव्या मिरच्या, शेंगदाण्याचं कूट, आणि वरून चरचरीत फोडणी. ज्वारीची भाकरी कुस्करून तिच्यात बुडवायची. बाई जेवताना बोलायच्या नाहीत आणि दुसऱ्यालाही बोलू द्यायच्या नाहीत. मी एकदा जेवताना भांडवलशाहीवर काही सांगायला लागले, तर त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पळी भाजी वाढली.  माझे वाद त्यांनी बहुतेक असेच जिंकले.

आता पत्रकांचं सांगायला हवं. माझे वडील कुठल्या ना कुठल्या आंदोलनात असायचे आणि आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. मी सलग वाचलेलं पहिलं वाक्य 'मोर्चात प्रचंड संख्येने सामील व्हा' हे आहे. त्यामुळे मोठी झाल्यावर मी पत्रकं लिहायला लागले, यात नवल नव्हतं. हुंड्यावर लिहिलं, दारूवर लिहिलं, पाण्यावर लिहिलं. बीडहून छापून आणायची आणि गठ्ठा बाईंकडे ठेवायची, कारण आमच्या घरात जागा उरली नव्हती.

बाईंनी माझ्या पत्रकांत भाजी बांधायला सुरुवात केली.

मला हे कळलं तेव्हा मी तडक त्यांच्या घरी गेले. रात्रीचे दिवस करून लिहिलेले शब्द, त्यांच्यावर ओल्या घोळीचे हिरवे डाग. बाई रोज फेरीवरून भरला ओचा घेऊन यायच्या, म्हणजे पदर कमरेला खोचून केलेली झोळी, आणि गल्लीत घरोघर पुड्या द्यायच्या. पैसे घ्यायच्या नाहीत. कुणी देऊ केलेच तर म्हणायच्या, "मी काय पेरलीया व्हय?" आणि प्रत्येक पुडीला माझं पत्रक. मी त्यांच्या अंगणात उभी राहून बरंच बोलले. विचारांचा अपमान, शब्दांची विटंबना, असलं काहीतरी. त्यांनी ऐकून घेतलं.

"तू वाटलीस तवा किती जनांनी वाचलं?"

 मी वाटलेली पत्रकं लोक घडी करून खिशात घालायचे आणि खिशासकट धुवून टाकायचे.

"भाजी निवडायला बसल्यावर बाईमानूस काय वाचंल? समोर पसरलंय तेच वाचंल ना?" बाई म्हणाल्या. "फकस्त लांब लई लिव्हतीस तू. थोडक्यात लिव्ह. पुडी बांधायला बी सोपं जातं."

त्यानंतर गल्लीतल्या बायका मला वाटेत थांबवून हुंड्याच्या पत्रकातल्या तिसऱ्या मुद्द्यावर वाद घालू लागल्या.  पुढचं पत्रक मी एका पानात बसवलं.

गावात एकाच घरी बाईंची भाजी पुडीतून जात नसे. ते घर सभापतींचं. सभापतिपद जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्यांच्या आई म्हणजे आक्का. बाई नव्याने नोकरीला लागल्या तेव्हा गावात बायकांसाठी संध्याकाळचा साक्षरतेचा वर्ग भरायचा, त्यात आक्का बाईंकडून अक्षरं शिकल्या होत्या. पाटी आणि घोळ, दोन्हींची गाठ तेव्हाच पडली. बाई आक्कांच्या ओसरीवर जायच्या आणि भरला ओचा तसाच त्यांच्या सुपात रिकामा करायच्या. मध्ये कागद नाही. त्यामुळे माझं एकही पत्रक त्या घरात कधी गेलं नव्हतं.

आणि त्याच घरातल्या माणसाने गायरानाला तार ओढली.

त्या आषाढात ओढ्यापलीकडच्या गायरानाभोवती सिमेंटचे खांब उभे राहिले आणि काटेरी तारेचे पदर चढले. सभापतींचं म्हणणं होतं की तिथे कॉलेज काढायचंय, गावाच्या लेकरांसाठी. कॉलेजचा कागद कुणी बघितला नव्हता. लगेच त्यांच्या ट्रॅक्टरने आत नांगरटही केली, म्हणजे जमीन वहिवाटीत दिसेल. गायरान म्हणजे कुणाच्या नावावर नसलेली, सगळ्यांची जमीन. बाबूची शेरडं-मेंढरं तिथेच चरायची. बाबूच्या घरी शेत नाही, कळप हेच शेत. आता तो तारेच्या कडेकडेने डांबरी रस्त्यावर कळप घेऊन हिंडायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या शिव्या खायचा. कळप निम्मा विकून टाकावा लागेल, असं तो बोलू लागला होता. आणि बाई रोज सकाळी तारेपर्यंत जायच्या, उभ्या राहायच्या, आणि परत यायच्या. दुसरीकडे कुठे जाणार? बांधांवर तणनाशक मारलेलं, ओढ्याचा काठ यंत्राने खरवडलेला.

मी पेटले. निवेदन दिलं. कचेरीत सांगितलं गेलं, बघू. मग मी पत्रक लिहिलं, 'गायरान कुणाच्या बापाचं?' आणि रागाच्या भरात ते चार पानी झालं. बाईंनी गठ्ठा उचलून बघितला.

"ह्यात पुडी न्हाई, गाठोडं बांधावं लागंल."

"बाई, भाजीच नाही तर पुडी कशाची बांधणार?"

मी असं बोलायला नको होतं. त्या पदराचं टोक चाचपत बसल्या. रिकाम्या ओच्याने घरी यायचं नाही, हा त्यांचा नेम होता. काहीच मिळालं नाही तर त्या दोन काटक्या तरी घालून आणायच्या. त्या महिन्यात त्यांच्या चुलीपाशी काटक्यांचा ढीग साठला होता.

गणपती बसले. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. आमच्याकडे त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगरल्या भुईत पिकलेलं काही चालत नाही, म्हणून वरईचा भात आणि आपोआप उगवलेल्या भाज्या. या व्रतामागची कथा मला अजिबात मान्य नाही. पाळीच्या दिवसांत शिवाशिव झाली तर पाप लागतं आणि ते म्हणे या उपासाने फिटतं. याच्यावर मी एक अख्खं पत्रक लिहिलेलं आहे आणि त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. बाईंशी मी यावर दरवर्षी भांडायचे.

"पापाचं मला काई ठाव न्हाई," त्या म्हणायच्या. "वरीसभर दुसऱ्याच्या घामाचं खाते. एक दिस कुनाच्याच घामाचं नसलेलं खाते. तुला पटत न्हाई तर तू भाकर खा."

दरवर्षी ऋषिपंचमीला आक्कांची भाजी बाईच नेत. त्या वर्षीही निघाल्या. मी सोबत गेले. वाटेत माझं लक्ष त्यांच्या कमरेकडे गेलं. पदर खोचलेला होता, ओचा केलेला होता, आणि आत काहीच नव्हतं. काटकीसुद्धा नव्हती.

सभापतींच्या ओसरीवर गणपतीपुढे पाहुण्यांची गर्दी होती. केजहून कार्यकर्ते आलेले, पूजेचे गुरुजी चहा पीत बसलेले. आक्का खांबाला टेकून, गुडघे लांब करून बसल्या होत्या, पुढ्यात सूप. बाई पुढे गेल्या आणि नेहमीसारखा ओचा सुपावर सोडला. सुपात काही पडलं नाही.

आक्कांनी सुपाकडे बघितलं, मग बाईंकडे. "आसं कावून?"

"गायरानाला तार हाय, आक्के. मला आत शिरता येत न्हाई."

सभापती पाहुण्यांमधून घाईघाईने उठले. ते बाईंचे विद्यार्थी, त्यामुळे बाईंपुढे त्यांचा आवाज आपोआप एक पट्टी खाली यायचा. एवढंच ना, म्हणाले, गायरानात ढिगाने उगवलीय, आत्ता आणवतो. त्यांनी ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला पिटाळलं. तो मोटारसायकलवर गेला आणि पिशवी भरून घोळ घेऊन आला. काय ती घोळ. पानं टपोरी, देठ करंगळीएवढे. सभापतींनी स्वतः ती सुपात ओतली आणि पाहुण्यांकडे बघून हसले.

आक्कांनी एक रोप उचललं. उलटं केलं. मुळाला लागलेली माती दोन बोटांत चुरली. ती पिठासारखी भुरभुरली.

"मुळासकट आली ही," त्या हळूच म्हणाल्या. "टनक भुईतली हिसकली तर देठ तुटतो, मूळ येत न्हाई." मग लेकाकडे मान वर करून बघितलं. "गायरान नांगरलंस व्हय रे?"

 तेव्हा माझ्या लक्षात आलं की आक्कांना माहीतच नव्हतं. दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांचं जग ओसरीएवढं झालं होतं, आणि त्यांच्या घरात पत्रक जात नव्हतं.

सभापती मुरलेले राजकारणी. त्यांनी क्षणात तोड काढली. "आक्का, नांगरलं खरं, पन टॅक्टरनं. बैल कुटं व्हता त्यात? बैलाचे कष्ट न्हाईत. चालतंय की."

केजचे कार्यकर्ते वाहवा करू लागले. एकाने गुरुजींकडे कौल मागितला. गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला, यजमानांकडे बघितलं, आक्कांकडे बघितलं, आणि म्हणाले की शास्त्रात ट्रॅक्टरचा उल्लेख आढळत नाही.

मग बाई बोलल्या. त्या सभापतींच्या पायांकडे बघून बोलत होत्या. "मंग आता समद्या गावाचीच नांगरट टॅक्टरनं व्हती. ज्वारी, बाजरी, तूर, समदंच चाललं की. आक्काला दोन भाकरी वाढा, उपासच मोडला मंग."

कुणीतरी मागे हसलं.  आक्कांनी हात वर केला आणि सगळे थांबले.

"नांगर कोन वढतंय ते मला सांगू नको. भुईला फाळ लागला का न्हाई, तेवडं बोल."

सभापती गणपतीकडे बघू लागले.

"लागला ना? मंग ही भाजी न्हाई चालत." त्यांनी सूप पायाने बाजूला सरकवलं. वरईचं ताट पुढ्यात होतं, तेही सरकवलं. "न नांगरल्या भुईची घोळ येईस्तोवर मी तोंडात घास घालनार न्हाई. तुमी घ्या जेवून पाव्हनं."

मी इतकी उपोषणं बघितली होती, मंडपातली, बॅनरखालची, फोटोग्राफर आल्यावर आडवी होणारी. यातल्या एकानेही माझ्या अंगावर असा काटा आणला नव्हता. पाहुण्यांनी तर ताटांना हातच लावला नाही. घरातली म्हातारी उपाशी असताना तिच्या ओसरीवर कोण जेवणार? स्वयंपाकघरात मोदक निवत होते.

शेवटी ड्रायव्हर पुढे आला. मघाची पिशवी अजून त्याच्या हातात होती आणि कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं. "आक्का, रस्त्याकडंच्या कोपऱ्यात टॅक्टर वळत न्हाई. बाभळीखालचं तसंच ऱ्हायलंय. नांगर न्हाई लागला तिथं."

"चल," आक्का म्हणाल्या. "मीच खुडते. तुमचा भरवसा न्हाई, परत मुळासकट आनताल."

त्यांना गाडीत बसवलं. बाई शेजारी बसल्या, मी मागे. आमच्यामागे मोटारसायकली, त्यांच्यामागे गल्लीतल्या बायका, कारण अशा वेळी बायकांना बोलवावं लागत नाही. फाटक गायरानाच्या पार दुसऱ्या अंगाला होतं आणि तिथून कोपऱ्यापर्यंत सगळी ढेकळं. आक्कांना त्यातून चालवत नेणं शक्यच नव्हतं. कोपरा मात्र रस्त्याला लागून, तारेच्या पलीकडे दोन हातांवर. बाभळीखाली कठीण पांढरट भुई आणि तिच्यावर सपाट पसरलेली बारीक, लालसर घोळ.

सभापती तारेपाशी उभे राहिले. रस्त्याच्या कडेला बाबू कळप घेऊन उभा होता, शेरडं तारेतून तोंडं खुपसत होती. सगळे सभापतींकडे बघत होते आणि बाई एकट्या त्यांच्या चपलांकडे.

"पक्कड आन रे," ते ड्रायव्हरला म्हणाले.

तारेचे पदर एकेक करून तुटले. प्रत्येक पदर तुटताना टणकन आवाज व्हायचा आणि तार दोन्हीकडे गुंडाळत जायची. आक्का आणि बाई एकमेकींचा हात धरून आत गेल्या आणि बाभळीखाली बसल्या. दोन म्हाताऱ्या, नखांनी शेंडे खुडत होत्या.  त्यांच्या पाठीमागून पहिलं शेरडू आत शिरलं, मग दुसरं, आणि मग सगळा कळप तारेच्या त्या भगदाडातून पाण्यासारखा आत गेला. कार्यकर्ते हाकलायला धावले.

"चरू दे त्यान्ला," आक्का मान वर न करता म्हणाल्या. "त्येंनी काय नांगर धरलाय का?"

उठताना त्यांनी लेकाला जवळ बोलावलं. खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "आरं, पंचिम दरसाली येती. ह्या भुईला परत फाळ लावलास तर मपला उपास तू कसा सोडवनार, ते आदी सांग."

 सभापतींनी मान खाली घातली आणि आईला गाडीपर्यंत हाताला धरून नेलं. ती तार पुन्हा कधी बांधली गेली नाही. खांब अजून उभे आहेत. त्यांच्यावर बायका गोधड्या वाळत घालतात. बाबूने कळप विकला नाही.

परत येताना बाईंचा ओचा भरलेला होता. मी त्यांना विचारलं, आता काय म्हणता सभापतींबद्दल? त्या जमिनीकडे बघत थोडं चालल्या.

"मोडून बघितला. पानीच निघालं," त्या म्हणाल्या. "दूध न्हाई. खान्यासारखा हाय."

घरी आल्यावर त्यांनी स्वतःसाठी कोपऱ्यातली घोळ नुसत्या मीठ-मिरचीवर शिजवली आणि वरईबरोबर घेतली. मला उपास नव्हता. माझ्यासाठी डाळ घातलेली भाजी आणि भाकरी. दोन घास खाल्ल्यावर मला जाणवलं की माझ्या ताटातली पानं वेगळी होती, मोठी आणि रसरशीत. मी उठून मागच्या दाराने बाहेर बघितलं. मोरीच्या दगडामागे, भांड्यांचं पाणी जिथे वाहून जातं तिथे, सुपात मावणार नाही एवढी घोळ माजलेली होती. त्या भुईला जन्मात नांगर लागलेला नव्हता.

मी परत आत आले. "बाई, ही मागची आक्कांना नेता आली असती."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. पायांकडे नाही, तोंडाकडे. पोरपणापासून त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

"खरकट्या पान्यावरची हाय ती. उपासाला चालती व्हय?" त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी एक पळी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोरीमागची घोळ खुडली आणि आक्कांसाठी वेगळी काढली. उपास सुटलाय, आता डाळ घालून कर म्हणावं, असा निरोप सोबत. ओच्यातून मात्र नेली नाही. कोपऱ्यातला गठ्ठा ओढला, 'गायरान कुणाच्या बापाचं?' उलगडलं, चारही पानं नीट पसरली, आणि भाजी त्यात बांधून बाबूच्या हाती दिली. गाठोडंच झालं ते.

बाबू दुपारी निरोप घेऊन आला. तो दारातच उभा राहिला आणि एका दमात बोलला, विसरेन म्हणून.

"आक्का म्हनल्या, भाजी लई ग्वाड झाली. आन कागद लई लांब हाय म्हनल्या. एकेक अक्षर लावून वसरीवर मोठ्यानं वाचायला लागल्यात. लेक समोर बसलाय. निम्मा झालाय, निम्मा उद्या वाचते म्हनल्या."